खडूची खूण

जीप दिसायच्या आधी तिचा आवाज आला.

कामशेतहून पवनेकडं जाणाऱ्या रस्त्यावर, जांभळाच्या झाडाखाली गोरखचं गॅरेज आहे. तिथं बसून त्याला वळणापलीकडच्या गाड्या ओळखू यायच्या. दुधाचा टेम्पो खोकत यायचा, भाताच्या गिरणीवाल्याचा पिकअप कण्हत यायचा, शाळेची व्हॅन शिट्टी घालत यायची. लोक म्हणायचे, गोरखचा कान म्हणजे सोनाराचा काटा. पण माघातल्या त्या सकाळी वळणापलीकडून जे घुमत आलं, ते ऐकून त्याच्या हातातला पाना हातातच राहिला. दाणे संपले तरी एखादीनं जातं फिरवत बसावं, तसा आवाज. मूं… मूं… मूं…

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दिवाळीच्या तोंडावर तो त्यानं एकदा ऐकला होता, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

हिरवी जीप झाडाखाली उभी राहिली. चालवत माधवीताई स्वतःच आल्या होत्या. तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा बंगला. तिथं पाहुणे राहायला येतात आणि त्या पाहुण्यांना जीपमधून राजमाचीच्या दगडगोट्यांच्या वाटेनं फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा. ती वाट साध्या गाडीचं काम नाही. चारही चाकांना जोर लागतो, म्हणून ही फोर-बाय-फोर.

"गोरख, हिचं काय करायचं सांग बाबा," खाली उतरता उतरता त्या म्हणाल्या. "पाहुणे मला विचारतात, ताई, खाली कोण रडतंय?"

"गौरव न्हाई आला?" गौरव म्हणजे त्यांचा नवा ड्रायव्हर.

"गौरवनं परवाच रामराम ठोकला. म्हणाला, ताई, आवाजानं डोकं भणभणतं, आणि उद्या काही तुटलं की माझ्या नावावर. राजेंद्रचं काय झालं ते सगळ्या लोणावळ्याला माहितीये म्हणाला."

गोरख हात पुसू लागला. पुसून झालेले हातच पुन्हा पुसू लागला.

गॅरेजच्या मागंच त्याचं घर. आवाज ऐकून त्याची आई, झुंबरबाई, सुपातले वाल निवडता निवडता बाहेर आली. "बसा माधवीबाय, च्या ठिवते. अन् त्यो राजेंदर कुटं दिसंना? गुनाचं प्वार. आला की आदी मला हाक मारायचा, मग गाडीचं बोलायचा."

"राजेंद्रला काढून तीन महिने झाले मावशी."

"काढलं? का वं?"

"गाडी खराब केली त्यानं. तुमच्या गोरखनंच तर शोधून काढलं."

झुंबरबाईनं लेकाकडं पाहिलं.  सूप या हातातून त्या हातात घेतलं.

"चला ताई, चक्कर मारू," गोरख घाईनं म्हणाला.

राजेंद्र सहा वर्षं त्या जीपवर होता. सहा वर्षांत तिला एक ओरखडा नाही. दसऱ्याच्या आधी मागच्या शाफ्टचा जॉइंट ढिला झाला, म्हणून तो जीप गोरखकडं सोडून गेला. "उद्या-परवा मला सुटी हाय गोरखभाऊ, देहूरोडला विहारात जायचंय, पोरांना घिऊन," म्हणाला होता. "पन ताईंचं पावनं दसऱ्याला यायचंत. गाडी येळंवर दे." गोरखनं वेळेवर दिली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी राजेंद्र परत आला.

"दसऱ्यापास्नं घुमतीया बग. तू शाफ्ट बसवल्यापास्नं." आणि लगेच, कुणी विचारलं नसताना, त्यानं आपलीही एक चूक सांगून टाकली. "माझ्याकडनं बी येक झालंय भाऊ. परवा राजमाचीवरनं खाली आलो, पावनं बोलत व्हते, नादात छोटा लिवर काढायचा इसरलो. तुंगार्लीच्या डांबरावर दोनेक किलोमीटर फोरमधीच आली. मग ध्यानात आलं."

चारही चाकांना जोर देऊन गाडी चालवायची ती माती-दगडात. डांबरावर चाकाला घसरायला जागा नसते, मग सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. हे खरं. दोन किलोमीटरनं काही होत नसतं, हेही खरं. गोरखला दोन्ही ठाऊक होतं. त्यानं पहिलं धरलं आणि दुसरं सोडून दिलं.

त्या दिवशी तो गाडीखाली वाकला नाही. कामाचा ढीग होता, दिवाळी होती, कारणं काय, शेणावरच्या माश्यांसारखी आपोआप येतात. संध्याकाळी माधवीताईंचा फोन आला तेव्हा त्यानं सांगितलं, "ताई, डांबरावर फोरमधी चालवलीय त्यानं. आतल्या दातऱ्या दुखावल्यात. आता ती घुमनारच."

तीन वाक्यं. त्यातलं पहिलं खरं होतं. त्या एकाच्या पदराआड बाकीची दोन लपून बसली.

आठवड्याच्या आत राजेंद्र घरी बसला. लोणावळ्याच्या जीप-स्टँडवर त्याला 'डांबऱ्या' नाव पडलं, आणि डांबऱ्याच्या हातात कुणी दुसरी जीप देईना. आता तो तळेगावला कुठल्याशा कारखान्यात कंत्राटावर खोकी भरतो, एवढं गोरखच्या कानावर होतं. सोनाराच्या काट्यावर ते रोज तोललं जायचं.

गोरखनं जीप रस्त्याला घेतली नाही. आधी जागेवरच इंजिन रेस केलं. इंजिन मोकळं गायलं, घुमणं नाही.

"मग इंजिनाचं नाही?" माधवीताई शेजारच्या सीटवर होत्या.

"न्हाई. इंजिन निर्मळ हाय."

मग तो पवनेच्या रस्त्याला लागला. दोन्हीकडं भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, बांधांवर पळस पेटायला लागलेला. काटा चाळीसवर आला आणि पायाखालच्या पत्र्यातून ते सुरू झालं. पन्नासला भरात आलं. मूं… मूं… मूं… त्यानं चौथ्यातून तिसऱ्यात घेतली. इंजिनाचा सूर चढला, पण घुमण्याचा सूर तसाच. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि नुसती वाहू दिली. इंजिन गप्प झालं. घुमणं चालूच.

"हे कशाला?" ताईंनी विचारलं.

"आवाज गाडीच्या पळन्याबरूबर जातोय, इंजिनाबरूबर न्हाई. म्हंजी गिअरपेटीच्या म्हागं कायतरी हाय."

"मागं काय असतं?"

"लय काय असतं ताई," तो म्हणाला. आवाज शोधणं म्हणजे चोराचा माग काढणं. एकेक घर सोडत जायचं. हा नाही, हा नाही, हाही नाही. पण माग काढणाऱ्यालाच जर पहिल्या पावलापासून कळलं, की पावलं आपल्याच दाराकडं चाललीत, तर?

पुढं रस्ता रिकामा होता. त्यानं जीप नागमोडी घेतली, एकदा डावीकडं झुकवली, एकदा उजवीकडं. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर झुकताना सूर बदलला असता. बदलला नाही.

"राजेंद्र असंच करायचा," माधवीताई अचानक म्हणाल्या. "झुकवून ऐकायचा. मी म्हणायचे, अरे, झोपाळा आहे का हा. सहा वर्षं माझ्या घरच्यासारखा होता. मला अजून खरं वाटत नाही रे, तो असा निष्काळजी… पण तू सांगितलंस म्हणून."

तू सांगितलंस म्हणून. तीन शब्द, आणि गोरखला वाटलं स्टेअरिंग जड झालं.

एका शेतवाटेला त्यानं जीप खाली उतरवली. धुळीची, मऊ वाट. तिथं छोटा लिव्हर ओढून चारही चाकं जोडली. हीच ती जागा. तीन महिन्यांपूर्वी त्यानं बोट ठेवलं ते याच दातऱ्यांवर. त्या दुखावल्या असत्या तर आता कुरकुरल्या असत्या, दात खाल्ले असते. जीप शांतपणे, शेळीसारखी, धुळीतून चालत गेली. परत दोन चाकांवर आणली. तशीच शांत. त्यानं पुन्हा एकदा जोडली. पुन्हा सोडली.

"झालं ना बघून?" ताई म्हणाल्या.

"झालं," गोरख म्हणाला. राजेंद्र सुटला होता. भाताच्या त्या रिकाम्या खाचरात, कुणी न बघता, एक माणूस निर्दोष सुटला होता आणि ते ऐकणारा एकटा गोरख होता.

वाट सोडून रस्त्याला लागताना गाडीखाली 'टण्' वाजलं. पेटी आणि चाकं यांच्या मध्ये. शाफ्ट.

त्याला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, आधी डोळ्यांनी बघू. पापी माणसाला पुरावा लागतो, तोही स्वतःविरुद्ध.

झाडाखाली गोणपाट अंथरून तो पाठीवर गाडीखाली सरकला. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरपेटीपासून मागच्या चाकांपर्यंत जोर वाहून नेणारा लांब दांडा. दोन्ही टोकांना त्याला बैलाच्या शिंगांसारखे दोन-दोन फाटे असतात. आणि मधे तो दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा, दाताला दात अडकवून. सोडवून परत जोडताना दोन्ही टोकांची शिंगं एका रेघेत यावी लागतात. एक-दोन दात जरी इकडं-तिकडं झाले, तरी जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी खुंटा वेगवेगळ्या तालावर ओढावा तसं होतं. पीठ पडत नाही, नुसतं घुमतं. आणि दिवसेंदिवस जॉइंट खात जातं.

त्यानं टॉर्च मारला. पुढची शिंगं बघितली. मागची बघितली. डोळा बारीक करून परत पुढची.

दोन दात. दोन दातांचा फरक होता.

खुणेवाचून शाफ्ट उघडायचा नाही, हे त्याला पिंपरीच्या दत्तोबा उस्तादानं शिकवलं होतं. उस्ताद आता हयात नाहीत. लोखंडावर पंच ठेवून हातोडीनं एक टिंब या तुकड्यावर, एक त्या तुकड्यावर. परत बसवताना टिंबाला टिंब. "खडूची खूण पावन्याची, पंचाची खूण घरच्याची," असं म्हणायचे. "पावना कवा उठून जाईल, नेम न्हाई, गोरख्या." आणि गोरखनं दसऱ्याच्या आधी खडूनं रेघ मारली होती. पंच हत्यारांच्या पेटीच्या तळाशी होता म्हणून. एवढंच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. झुंबरबाईनं पहाटेच सगळं गॅरेज धुवायला काढलं. पाने, हातोड्या, जॅक, आणि फळीवर दोन तुकड्यांत सुटा ठेवलेला तो शाफ्टही. सोड्याच्या पाण्यानं, नारळाच्या शेंडीनं, घासून घासून. घासताना तिच्या तोंडात ओवी होती. नवमीला ती दरवर्षी म्हणते, तिनंच रचलेली:

लोखंडाला हळदकुंकू, लोखंड माझं सोयऱ्यावाणी,
बाळाच्या माझ्या हाताखाली, गाडी पळते वाऱ्यावाणी.

गोरख आंघोळ करून आला तेव्हा शाफ्ट चांदीसारखा लखलखत होता. त्यावर हळदीची बोटं, कुंकवाचा टिळा, झेंडूचं फूल. खडू कुठंच नव्हता.

नवमीला हत्याराला हात लावायचा नसतो. ती देवाजवळ बसलेली असतात. पण संध्याकाळी माधवीताईंचा फोन आला: उद्या पाहुणे सकाळीच येतायत. मग त्यानं पूजेतून दोन पाने चोरासारखे काढले, आई दिवाबत्तीला आत गेलीय हे बघून. उजेड उतरला होता. शिंगं नजरेनं जुळवली, शाफ्ट वर चढवला, बोल्ट आवळले आणि पाने पुसून परत फुलांखाली ठेवले. वीस मिनिटांचं काम. बसवताना हाताला एकदा वाटलं होतं, थोडं तिरकं दिसतंय. पण हाताचं ऐकायला वेळ नव्हता.

त्यानं आता बोल्ट सोडले. शाफ्ट छातीवर घेऊन बाहेर आला, फळीवर ठेवला, दोन्ही तुकडे ओढून वेगळे केले. काळं ग्रीस तोंडाशी आलं. बोटानं ते पुसताना एका दाताच्या खाचेत, अगदी खोल, रंग दिसला. ग्रीसमध्ये मुरलेलं कुंकू. आणि त्याच्या कडेला पिवळी हळद. चार महिने दर फेऱ्याला ते गरगरत होतं, राजमाची चढत होतं, तुंगार्ली उतरत होतं, आणि आपली साक्ष सांभाळून बसलं होतं.

माधवीताई चहाचा कप घेऊन पुढं आल्या. "हे लाल काय रे?"

गोरखला वाटलं, गंज म्हणावं. म्हटलं असतं तर चाललं असतं.

"कुंकू हाय ताई," तो म्हणाला. "खंडेनवमीचं. म्या खूण नीट केली नव्हती. शाफ्ट वाकडा बसवला. घुमतंय त्ये त्याच्यामुळं. राजेंद्रचा कायबी दोष न्हाई. तवाबी नव्हता."

 माधवीताईंनी कप फळीवर ठेवला.

"पण डांबरावर चालवली होती ना त्यानं?"

"दोन किलोमीटर. त्यानं स्वताच मला सांगितलं व्हतं. ताई, दोन किलोमीटरनं काय व्हत न्हाई. मला ठावं व्हतं."

 माधवीताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी त्याला बोलूही दिलं नाही रे," त्या हळू म्हणाल्या. "तो दारात उभा राहून म्हणत होता, ताई, एकदा गोरखला खाली वाकून बघायला सांगा. मी म्हटलं, गोरखनं बघितलंय." मग त्यांनी पर्स उचलली. "मी रिक्षानं जाते. गाडी तू नीट कर आणि घेऊन जा त्याच्याकडं. नोकरी मी परत देईन, माफीही माझी मी मागेन. पण हे जे आत्ता मला सांगितलंस ते त्याला तूच सांग."

त्या गेल्यावर झुंबरबाई फळीजवळ आली. खाचेतलं कुंकू तिनं पाहिलं. तिला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण आपल्या हातचं कुंकू कळत होतं.

"मीच धुतलं की रं त्ये."

"तू लोखंड धुतलंस आई."

"खूण व्हती त्याच्यावर. मला काय ठावं, मला वाटलं कुन्या पोरानं रेघोट्या मारल्यात."

"पुसली जाईल अशी खूण केली कुनी?" तो म्हणाला. "अन् राजेंद्रचं नाव कुनी घेतलं? तू तर न्हाई घेतलंस."

तिनं पदरानं नाक पुसलं. त्या दिवशी ती काहीच गुणगुणली नाही. गोरखनं नवा जॉइंट घातला, शिंगं रेघेत आणली, आणि पेटीच्या तळातून पंच काढला. ठण्. ठण्. दोन टिंबं.

रविवारी सकाळी तो जीप घेऊन राजेंद्रच्या वस्तीवर गेला. कामशेतच्या रुळांपलीकडं, ओढ्याच्या काठाला दहा-बारा घरं. मधे निळं निशाण. राजेंद्र अंगणात मुलीची सायकल उलटी करून चेन बसवत होता. दारातून त्याची बायको, प्रतीक्षा, बाहेर आली आणि जीप बघून तिथंच थबकली.

"या गोरखशेठ," राजेंद्र म्हणाला. पूर्वी तो भाऊ म्हणायचा. "आज गरिबाकडं वाट चुकलात?"

गोरखनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खडू, नवमी, चोरून काढलेले पाने, दोन दात. आईनं शाफ्ट धुतला तेही सांगितलं. सांगताना तो सायकलच्या चाकाकडं बघत होता. राजेंद्रनं चाकाला एक गती दिली होती, ते अजून फिरत होतं.

चाक थांबल्यावर राजेंद्रनं एकच विचारलं. "तवा तुला ठावं व्हतं?"

हाच प्रश्न येणार हे गोरखला माहीत होतं. सबंध रस्ताभर तो त्याचं उत्तर घडवत आला होता. नव्हतं ठावं, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. अर्ध्या खऱ्यानं काय होतं ते त्यानं बघितलं होतं.

"डोळ्यानं बघितलं नव्हतं. पन ठावं व्हतं. म्हनूनच बघितलं न्हाई."

प्रतीक्षा दारातून म्हणाली, "आमच्या ह्यांनी तुमाला आपनहून सांगितलं व्हतं, लिवर इसरलो म्हून. खरं बोलले त्याचं तुमी हे केलंत."

"व्हय वहिनी."

"व्हय काय व्हय!" ती म्हणाली आणि आत निघून गेली. आत भांडं आपटलं.

राजेंद्रनं हात पुसले आणि जीपमध्ये बसून चावीसाठी हात पुढं केला. गोरख शेजारी बसला. जीप ओढ्यावरून रस्त्याला लागली. चाळीस. पन्नास. साठ. राजेंद्रनं न्यूट्रल केलं आणि ती वाहू दिली. खिडकीतून वारा आला, खाली टायर सरसरले, बाकी काही नाही. डावीकडं झुकवली, उजवीकडं झुकवली. वळणाच्या आधी, ब्रेकला पाय न लावता, गिअर हलकेच उतरवला. वळण संपल्यावर चढवला. परत अंगणात आणून उभी केली.

"गेला आवाज," तो म्हणाला.

"राजू, ताई तुला परत—"

"ताईंचा फोन आलता काल. त्ये माझं मी बघीन." त्यानं चावी गोरखच्या तळहातावर ठेवली. "स्टँडवर मला काय म्हंत्यात ठावं हाय ना? माझ्या पोरीच्या शाळेतल्या व्हॅनवाल्यानं तिला इचारलं, तू डांबऱ्याची का म्हनून. हितं अंगनात येऊन सांगितलंस, बरं केलंस. पन नाव पडलं तितं. तितं जाऊन सांग."

"सांगतो. आत्ता जातो."

"अन् मावशीचं नाव घेऊ नको तितं. म्हातारीला हसतील."

गोरखला त्या क्षणी रडू आलं असतं. त्यानं मान हलवली आणि जीप वळवली.

रविवार असल्यानं लोणावळ्याचा स्टँड भरलेला. पंधरा-वीस जीपा, बोनेटवर बसलेले ड्रायव्हर, हातात वडापाव. जीप ओळखून पप्पूनं लांबूनच हाक दिली. पप्पू स्टँडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर आणि सगळ्यांची बारशी त्यानंच घातलेली. "आली डांबऱ्याची नवरी! काय गोरखशेठ, आज तुमी चालवताय?"

गोरख खाली उतरला. "पप्पूभाऊ, जरा समद्यांना बोलव. येक सांगायचंय."

"का, पेढे वाटतोस?"

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा आवाज इतका खाली गेला, की मागचे ओरडले, "मोठ्यानं की!" मग मोठ्यानं सांगितलं. शाफ्ट त्यानं वाकडा बसवला. राजेंद्रच्या हाताचा दोष नव्हता. नाव त्याचं घेतलं ते स्वतःला झाकायला.

एकानं वडापाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"पन खूण केली नव्हतीस?" एकजण म्हणाला.

"केलती. खडूनं. हळदकुंकू लावताना ग्येली."

"कुनी लावलं हळदकुंकू?"

"मीच," गोरख म्हणाला.

पप्पू बोनेटवरून खाली उतरला. "म्हंजी तू शाफ्टाला हळद लावलीस, लगीन तू लावलंस, अन् काडीमोड राज्याच्या गळ्यात बांधलास!" सगळा स्टँड हसला. पण पप्पू हसला नाही. "आमी बी शेण खाल्लं," तो जरा वेळानं म्हणाला. "बगता बगता नाव ठिवलं. बरं, आता त्ये नाव मोकळं झालं. तुला नवं लागंल. काय रं, हळदकुंकू! बरं हाय का?"

"बरं हाय," गोरख म्हणाला.

पंधरा दिवसांनी एक अनोळखी माणूस खडखडणारा टेम्पो घेऊन जांभळाखाली आला.  "लोणावळ्यातनं पाठवलंय. हळदकुंकू गॅरेज हेच का?"

झुंबरबाई ओट्यावर वाल सोलत होती. तिचे हात थांबले.

"व्हय," गोरख म्हणाला. "हेच."

तो टेम्पोचं बोनेट उघडणार, एवढ्यात वळणापलीकडून काहीतरी येताना त्याच्या कानाला लागलं. घुमणं नव्हतं. नुसती टायरची सरसर, आणि वळणाच्या आधी, ब्रेकला पाय न लावता, एक गिअर हलकेच उतरला. हिरवी जीप पवनेकडं निघाली होती, मागं पाहुणे, पुढं राजेंद्र. गोरखनं हात अर्धा वर केला. राजेंद्रनं समोरची नजर काढली नाही. जीप झाडाजवळून पुढं गेली.

"थांबला न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

"न्हाई."

"बोलंल का रं कवा?"

"ठावं न्हाई आई."

पुढचं वळण संपल्यावर गिअर चढला. तो आवाज विरेपर्यंत गोरख बोनेटला हात लावून उभा राहिला. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "कुटं वाजतंय सांगा," आणि उत्तर यायच्या आधीच गोणपाट अंथरून गाडीखाली वाकला.